मण्यांची सावली

छातीचा फोटो काढायचा तर बाईला मंगळसूत्र उतरवावं लागतं. एवढीशी गोष्ट, पण ती बायकांच्या गळी उतरवण्यात माझ्या शिक्षणाचे पहिले सहा महिने गेले. एक्स-रेचं यंत्र, किरणं, फिल्म धुण्याची औषधं हे सगळं मिळून त्याहून लवकर शिकून झालं. यंत्र ऐकतं. बाई ऐकत नाही, आणि तिच्यासोबत आलेली सासू तर मुळीच ऐकत नाही.

मी सौसरची. वडील शाळेत मास्तर होते. नागपूरच्या एका दवाखान्याला एक्स-रेचं काम शिकायला दोन मुली हव्या होत्या, कारण बायका पुरुषासमोर पोलकं काढायला तयार नसत आणि फोटो न काढताच परत जात. वडिलांनी ते कुठंतरी वाचलं आणि मला छोट्या लाइनीच्या गाडीत बसवून दिलं. नागपूर तेव्हा आमच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी, दूर वाटायचं नाही. गल्लीत मात्र तोंडं सुटली. मास्तरांची पोरगी दिवसभर अंधाऱ्या खोलीत काय करून राहिली म्हणे, असं लोक एकमेकांना विचारत, आणि आमच्या ओट्यावर बसून चहाही पीत. या लोकांचा मला तेव्हा राग होता आणि अजूनही आहे. त्यांच्यातले निम्मे पुढे माझ्याच यंत्रासमोर छाती लावून उभे राहिले.

आम्हाला शिकवणारे एक वयस्क बाबू होते. रोग्यांचे हात-पाय स्वतः धरून फोटो काढता काढता त्यांच्या उजव्या हाताची दोन नखं कायमची गेली होती. शिकवत चांगलं, पण माणूस जहाल. कुणाची फिल्म वाया गेली की ते ती डार्करूमच्या दारावरच्या तारेला चिमट्याने लटकवत आणि खाली नावाची चिठ्ठी लावत. येणारा-जाणारा ती वाचे. तीन फिल्म्स लटकल्या की परीक्षेला बसू देत नसत. माझ्या दोन लटकत होत्या. एक हललेल्या पोराची आणि एक मी लाल दिव्याऐवजी चुकून मोठा दिवा लावल्याने काळी पडलेली.

मंगळसूत्राचा तोडगा मात्र मी काढला, आणि त्याचा मला फार गर्व होता. हळदीत भिजवलेल्या सुती दोऱ्याचं रीळ मी खोलीतच ठेवलं. आधी बाईच्या गळ्यात पिवळा दोरा बांधायचा, मग मंगळसूत्र उतरवायचं, फोटो झाला की पुन्हा घालायचं आणि शेवटी दोरा सोडायचा. गळा एक क्षणही रिकामा राहत नाही आणि सुताची सावली फिल्मवर पडत नाही. बायका मुकाट्याने उभ्या राहू लागल्या. बाबू कुणाचं कौतुक करणारे नव्हते, पण तेही एकदा म्हणाले, ‘‘पोरीनं डोकं चालवलं.’’

त्याच साली राज्य फुटायचं ठरलं. नागपूर मुंबईकडे जाणार आणि आमचं सौसर, पांढुर्णा नव्या मध्य प्रदेशात. घरात मराठी बोलायचं, कापूस आणि संत्री नागपूरला पाठवायची आणि अर्ज करायचा भोपाळला, असा तो न्याय होता. आम्हाला कुणी विचारलं नाही. आमची परीक्षा राज्य फुटण्याच्या आधी उरकायची ठरली. त्यात जो बसणार नाही त्याचं पुढं काय, हे कुणी सांगायला तयार नव्हतं. बाबूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘तू आता परराज्याची होणार. अजून एक फिल्म वाया गेली त मी बसू देणार नाई, अन् पुढच्या साली तुले इथं कोणी उभं करणार नाई. सांगून ठेवतो.’’

त्याच आठवड्यात आई वहिनीला घेऊन नागपूरला आली.

वहिनी पांढुर्ण्याची. माझा भाऊ तहसील कचेरीत कारकून होता, त्याच्याशी लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मी सुटीत घरी गेले की तू तिथं काय शिकतेस, असं विचारणारं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे ती. चुलीसमोर बसून ती स्वतःचा पंजा उजेडात धरायची आणि मी तिला एकेक हाड दाखवायची. पावसाळ्यापासून तिचा खोकला जात नव्हता. अडुळशाचा काढा झाला, जामसांवलीच्या मारुतीला शनिवार झाले. शेवटी वडिलांनीच फोटो काढा म्हणून हट्ट धरला.

मी वहिनीला आत घेतलं आणि पिवळा दोरा काढला. आईने माझा हात धरला.

‘‘हे कायले?’’

मी सांगितलं. शेकडो बायकांना सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत.

‘‘तो दोरा लोकाईच्या बायकाले बांध,’’ आई म्हणाली. ‘‘माह्या एकुलत्या एक पोराचं मंगळसूत्र हाय ते. मी जित्ती असेपर्यंत उतरणार नाई.’’

वहिनी खाली पाहत होती. ती कधीच मध्ये बोलत नसे. परक्या सासवांना मी याच खोलीतून बाहेर काढलं होतं, दटावलं होतं, एकीला तर रडवलंही होतं. आईचं मात्र मी ऐकलं. मी मंगळसूत्र वर ओढलं, वहिनीच्या अंबाड्यात खोचलं आणि तिला फिल्मच्या पाटीला छाती लावून उभं केलं. हनुवटी वर, हात कमरेवर, श्वास घ्या, रोखा. हनुवटी वर केली की अंबाडा खाली येतो, हे मला कळायला हवं होतं.

फिल्म धुऊन लाल दिव्यापाशी धरली तेव्हा मला ते दिसलं. मणी सुटून उजव्या खांद्यावर उतरले होते. गळ्याच्या हाडाखाली, फुप्फुसाच्या टोकावर, पांढऱ्या ठिपक्यांची रांग आणि दोन वाट्या. क्षय सगळ्यात आधी त्याच टोकाला घर करतो, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मण्यांच्या मागे आणखी काही पांढरं आहे की नाही, ते कळत नव्हतं. खरं म्हणजे एकदा वाटत होतं आहे, आणि एकदा वाटत होतं नाही. अशी फिल्म वाया गेली असंच धरायचं आणि दुसरी काढायची, यात शंकाच नव्हती.

मी दुसरी काढली नाही. काढली असती तर पहिली तारेला लटकली असती. मी ती वाळवली आणि डॉक्टरांच्या गठ्ठ्यात मधोमध ठेवली. डॉक्टरांपुढे त्या दिवशी रोग्यांची रांग दारापर्यंत होती. त्यांनी फिल्म उजेडावर धरली, उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, ‘‘ही मण्यांचीच सावली ना?’’

मी म्हटलं, ‘‘हो.’’

त्यांनी कागदावर लिहून दिलं की छातीत दोष नाही. आईने तो कागद कपाळाला लावला. वहिनीने माझ्याकडे पाहून सुटल्यासारखा श्वास सोडला आणि त्या श्वासातच तिला खोकला आला.

मी परीक्षा पास झाले. राज्य फुटलं. नव्या सरकारला एक्स-रे येणारी बाई मिळत नव्हती, त्यामुळे मला जिल्ह्याच्या गावी लगेच नोकरी लागली. हिंदीत अर्ज, हिंदीत मुलाखत, आणि माझ्या मराठी प्रमाणपत्राकडे साहेबांनी मासळीकडे बघावं तसं बघितलं, पण घेतलं. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. चहा पिणाऱ्या तोंडांनी ते खाल्ले.

घरी मात्र त्या कागदाचा भलताच उपयोग सुरू झाला. वहिनीला संध्याकाळी कणकण यायची, ती भिंतीला टेकायची. आई म्हणायची, ‘‘फोटो साफ हाय. नखरे करून राहिली.’’ दळणाला उशीर झाला, फोटो साफ हाय. विहिरीवरून अर्धीच घागर आणली, फोटो साफ हाय. माझा भाऊ, मुळात मऊ माणूस, तोही हळूहळू म्हणायला लागला की डॉक्टरांनी लिहून दिलंय तर मग हिला होतंय तरी काय. मी दर सुटीला हे ऐकायची. ऐकून मी विषय बदलायची, नाहीतर बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. मला माझ्या आईचा राग यायचा. माझा स्वतःचा राग यायला हवा होता, पण आईचा करणं सोपं होतं.

वर्षभराने वहिनीच्या थुंकीत रक्त आलं. भाऊ तिला माझ्याच दवाखान्यात घेऊन आला. आई आली नव्हती. मी रीळ शोधत होते, तोवर वहिनीने मंगळसूत्र स्वतःच उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. ‘‘राहू द्या दोरा, बाई,’’ ती म्हणाली. उजव्या टोकाला पोकळी होती, सुपारी मावेल एवढी. बरोबर त्या जागी, जिथं गेल्या वर्षी मणी होते.

सुया सुरू झाल्या, पण फार उशीर झाला होता. घरात संसर्ग नको म्हणून तिला पांढुर्ण्याला माहेरी पाठवलं. तेव्हा सगळ्यांच्याच घरी असंच करत, सुनेला रोग लागला की ती माहेरची होते. मी मोटारीने तिला पाहायला गेले. अंगणातल्या खाटेवर ती उन्हात पडली होती, पांघरुणाखाली काही आहे असं वाटत नव्हतं. मी खूप वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग एकदाचं सांगून टाकलं. फिल्म खराब होती. दुसरी काढायला हवी होती. माझी परीक्षा होती म्हणून मी काढली नाही, आणि डॉक्टरांना हो म्हटलं.

ती रडेल, शिव्या देईल, तोंड फिरवेल, यातल्या कशाचीही माझी तयारी होती. ती कोपरावर उठून बसायला लागली.

‘‘म्हंजे मी तवाच बिमार होती?’’

‘‘हो.’’

‘‘मी नखरे नोती करून राहिली?’’

‘‘नाही हो, वहिनी.’’

‘‘मलेच वाटे का मी आळशी झाली,’’ ती म्हणाली. ‘‘फोटो साफ, मंग आंग कावून दुखते. मी रोज मनाले म्हणो, ऊठ, ढोंग नको करू.’’ ती थोडा वेळ दम घेत राहिली. मग तिने माझं मनगट धरलं. ‘‘बाई, येवढं तुमच्या आईले सांगा. अन् यायले सांगा. मले दुसरं काही नाई पायजे.’’

आईला आणि भावाला सांगेन, असा मी शब्द दिला. दुसऱ्याच दिवशी मी सौसरला घरी होते. दुपारी भाऊ आणि मी जेवायला बसलो, आई वाढत होती. मी तोंड उघडायच्या आत तिनेच सुरुवात केली. जवळच्या रामाकोना गावची एक मुलगी भावासाठी तिच्या कानावर आली होती. वहिनी अजून जिवंत होती, पण आईच्या लेखी तो हिशेब संपला होता. ‘‘ह्या खेपेस आंधी फोटो काढून घेऊ,’’ ती मला म्हणाली. ‘‘तू हायेसच.’’

भावाने मान वर केली नाही. मी म्हटलं, ‘‘आई, वहिनी पहिल्यापासून आजारी होती. ती नखरे करत नव्हती.’’

आईचा हात थांबला. ‘‘मंग फोटो साफ कसा आला? तूच त काढला.’’

भावाने आता माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात घास होता आणि तो खाली ठेवत नव्हता, तोंडातही घालत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य बोलले असते तर नोकरीवर कुणी हात टाकला नसता, बाबू सीमेपलीकडे राहिले होते, परीक्षा कधीच झाली होती. फक्त त्याच्या त्या नजरेसमोर मला बसावं लागलं असतं, त्या दिवशी आणि पुढे दररोज.

मी म्हटलं, ‘‘वरण वाढ.’’

वहिनी त्यानंतर तीन आठवडे जगली. तिच्या धाकट्या भावाने सांगितलं की दारात कुणी आलं की ती विचारायची, सौसरहून काही निरोप आला का. तेराव्याला आम्ही सगळे पांढुर्ण्याला गेलो. शेजारच्या बायका म्हणत होत्या, अहेव गेली, भाग्याची होती. आई मान हलवत होती. मीही हलवली.