उपाशी गोधडी

बाहेरून कुलूप होतं. आतून बाया पत्रा बडवत होत्या आणि मी दगडानं कुलूप ठेचत होते. किल्ली सुपरवायझरच्या खिशात, सुपरवायझर चहाला. मी मिसरी लावायला गुपचूप बाहेर आले होते. माझ्यामागं त्यानं कुलूप घातलं, कारण बाया सारख्या बाहेर जातात म्हणे. बडवणं थांबलं तरी मी ठेचतच होते. आत माझी सून होती.

शेंद्र्याजवळ गाद्या भरायचं शेड होतं ते. कापूस पेटायला वेळ लागत नाही.

आगीला वर्ष भरत आलं तेव्हा शहरातून चित्रकलेच्या एक बाई आल्या. गेलेल्या बायांच्या कपड्यांची मोठी गोधडी करू, सभागृहात टांगू म्हणाल्या. गोधडी मला येते. घरोघरी जाऊन एकेक कापड आणलं. शहागंजातल्या एका म्हातारीनं लेकीचा हिरवा दुपट्टा पुढं केला, पण सोडेना. "आपा, इसको काटना पडेगा क्या?"

"काटना पडेगा," मी म्हटलं. सुनेच्या साडीला मी एका दमात कात्री लावली. खोटं कशाला लिहू?

मधोमध मी काळ्या कापडाचं कुलूप शिवलं. सभागृहाच्या साहेबानं ते पाहिलं.

"मावशी, इथं एखादं फूल टाका की."

"फूल कुठं व्हतं तिथं?"

"कोर्टात केस चालू आहे. कुलूप असेल तर टांगता येणार नाही."

"मंग नका टांगू."

दुपट्ट्यावाली म्हातारी शेजारीच होती. तिनं माझं मनगट धरलं. "टंगने दो आपा. मेरी बच्ची का कुछ तो दिखेगा."

मी कुलूप उसवलं आणि फूल लावलं. लाज वाटली. अजून वाटते.

आमच्यात गोधडीचा शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत भाकरीचा तुकडा घालतात. पोट भरलं की ती ऊब देते, उपाशी राहिली तर घरच्यांना खाते, असं माझी आई सांगायची. मी काही घातलं नाही. उपाशीच शिवून टाकली.

साहेबानं टांगलेल्या गोधडीसमोर उभं राहून फोटो काढला. त्याला काही झालं नाही. सुपरवायझरलाही नाही. ते तिच्या घरचे नव्हते.

त्या पाळीला आम्ही नऊ जणी होतो. त्यातली मी एकटी जगले.