पलंगाखालचं जहाज

लातुरात गणिताचे क्लास घेणाऱ्या अनंतरावांची खोड साऱ्या गल्लीला ठाऊक होती. जिवापाड जपायचं ते सगळं लोखंडी पलंगाखाली. भूकंपाच्या पहाटे निलंग्याच्या घराचं माळवद कोसळलं, तेव्हा असल्याच पलंगाखाली तीन वर्षांच्या सर्वेशला पोटाशी धरून ते वाचले होते. तेव्हापासून उंच म्हटलं की त्यांना धडकी भरायची. लातुरात घर बांधलं, पण वरचा मजला क्लाससाठी आलेल्या पोरांना भाड्यानं दिला आणि स्वतः कधी जिना चढले नाहीत. वर पोरं धावली की खाली हे दारात उभे.

सर्वेश आता विशाखापट्टणमला, बाराव्या मजल्यावर. "बाबा, खिडकीतून समुद्र दिसतो, या की एकदा," म्हणून म्हणून तो थकला आणि शेवटी त्यानं शिडाच्या जहाजाचा, सुटे भाग जोडून करायचा लाकडी संच पाठवून दिला.

अनंतरावांनी त्यात जीव ओतला. पट्ट्या भिजवून वाकवल्या, डोळे फोडून दोऱ्या ओवल्या. जहाज झालं तसं फोनवर लेकाला दाखवलं.

"लई भारी, बाबा! पण डोलकाठ्या अशा आखूड कशा? नकाशात माप नव्हतं?"

"गणित मला शिकवतोस का?" अनंतराव खेकसले.

त्यांच्या बायकोनं, चंद्रप्रभाबाईंनी, फोन हातात घेतला. "अरे, माप बरोबरच हाय. पलंगाखालचं घेतलंय त्यांनी."

तोवर अनंतराव वाकलेसुद्धा होते. जहाज अलगद पलंगाखाली सरकलं. सुताचाही फरक नव्हता.