देल्फीन बार्रियाचे पडदे

माझा कोम्पाद्रे देल्फीन बार्रिया याने आयुष्यभर एकच काम केलं: दुसऱ्यांनी उभारलेलं भिकार काहीतरी झाकायचं. माझ्या धाकटीच्या बाप्तिस्म्याला त्याने तिला हातात धरलं, म्हणून तो माझा कोम्पाद्रे, आणि म्हणून त्याच्याबद्दल वेडंवाकडं बोलायचा हक्क फक्त मला. चिलोए बेटावर कुठेही जा. सॅमन माशांचा कारखाना असो, रस्त्यासाठी फोडलेली टेकडी असो, नाहीतर विजेचं उपकेंद्र, त्याच्यापुढे झाडांची दाट रांग दिसली की समजायचं, इथे देल्फीन राबून गेलाय. कंपन्या त्या रांगेला पडदा म्हणतात. मोठं बांधकाम करायचं तर ते कुणाच्या डोळ्यांना किती खुपणार हे आधी मोजायचं आणि मग झाकायचं, असा नियमच आहे. मोजायला राजधानीतून माणसं येतात, झाकायला देल्फीन.

पावसाचिखलात बसून बसून बिचाऱ्याचे गुडघे कामातून गेले. "कोम्पाद्रे," तो मला म्हणायचा, "माझं झाड कुणी बघत नाही रे. मागचं दिसत नाही ना, एवढंच बघतात." आणि एवढा थकलेला असूनही पठ्ठ्याचा ताठा असा, की त्याच्या पडद्यात फट म्हणून सापडायची नाही. त्या ताठ्यानेच घात केला.

आमच्या गावावरून खाडी ओलांडून विजेच्या तारा न्यायचं ठरलं. खाडीत घुसलेल्या जमिनीच्या टोकावर टॉवर उभा राहणार होता, चर्चच्या मनोऱ्याच्या कितीतरी पट उंच. मोजायला माइते नावाची तरुण सेन्योरिता आली, गळ्यात कॅमेरा. चढावरचं पहिलं घर देल्फीनच्या थोरल्या बहिणीचं, ओतिलियाचं. ओतिलियाने तिला चुलीजवळ बसवलं, माते नावाचा आमचा कडू चहा पाजला. सेन्योरिताने विचारलं, "या खिडकीतून टॉवर दिसेल. कसा वाटेल तुम्हाला?"

"कसा म्हणजे? भिकार!" ओतिलिया म्हणाली. "लोखंडाचा सांगाडा कुणाला आवडेल, पोरी?"

झालं. आमच्याकडे पाहुण्यापुढे हवेला, भावाला, सरकारला नावं ठेवणं ही बोलायची रीत आहे, त्यात काही मागणं नसतं. पण अहवालात ते गेलं: स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्रास फार मोठा, उपाय पडदा. आणि पडद्याचं काम मिळालं देल्फीनला.

आता त्या खिडकीचं सांगतो. ओतिलियाचा नवरा एलेउतेरियो समुद्रात बुडी मारून तिसऱ्या शिंपल्या काढतो. त्याची होडी टोकाला वळसा घालून खाडीत शिरताना दिसली की ओतिलिया बटाटे पातेल्यात टाकणार. तो ओले बूट काढून टेबलाशी येईपर्यंत बटाटे शिजलेले. लग्न झाल्यापासून त्या घराचं घड्याळ म्हणजे ती होडी. टॉवर उभा राहिला तो नेमका त्याच टोकावर.

देल्फीन खड्डे खणायला आला तेव्हा ओतिलिया हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आली.

"हे काय चाललंय?"

"पडदा, ताई. टॉवर दिसणार नाही तुला."

"मग होडी दिसेल?"

देल्फीनने मान खाली घातली. "मंजुरीत तसंच आलंय. मी नाही लावला तर दुसरा कुणी लावेल."

"मग दुसऱ्याला लावू दे की! सख्ख्या भावानेच माझी खिडकी बुजवायला हवी का?"

त्याने सेन्योरिताला फोन केला, थोडी फट ठेवू का म्हणून विचारलं. तिलाही वाईट वाटलं. पण एकदा मंजूर झालेलं बदलायचं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणाली. मी त्याला म्हटलं, "अरे, दोन झाडं मरू दे की. झाडं मरतात." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चर्चमधली दानपेटी फोडायला सांगत होतो. त्याने कानेलोची रोपं लावली, दाट आणि भराभर वाढणारी. आमच्या पावसात ती काय थांबतात! चारपाच वर्षांत टॉवर गेला, टोक गेलं, खाडीही गेली.

मग एका वादळी दुपारी एलेउतेरियोला उशीर झाला. ओतिलिया सारखी रांगेच्या टोकापर्यंत पळत जायची, बघायची, परत यायची. असंच पळताना चरात पडली आणि मनगट मोडून बसली. एलेउतेरियो धडधाकट परत आला, पण त्या दिवसापासून तिने भावाशी बोलणं टाकलं. तो अंडी घेऊन गेला, दार उघडलं नाही. चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसला, ती उठून पुढे गेली. देल्फीन आणखीच वाकला. त्याची दाढी वाढली आणि माझ्याकडे येऊन तो तासनतास चुलीकडे बघत बसायचा. माझाच जीव नकोसा व्हायचा.

शेवटी ओतिलियाने ठरवलं: घरच हलवायचं. पडद्याला वळसा घालून खाली किनाऱ्यावरच्या त्यांच्याच जमिनीत. आमची लाकडी घरं जमिनीत रुतलेली नसतात, खुंटांवर बसवलेली असतात. खाली ओंडके सरकवायचे, दोर बांधायचे, बैलजोड्या जुंपायच्या आणि गावाने मिळून ओढायचं. याला मिंगा म्हणतात. पण एक आहे. घरधनिणीने स्वतः दारोदार जाऊन मदत मागायची. एकही दार वगळायचं नाही, आणि मागितल्यावर कुणी नाही म्हणायचं नाही. गावातली सगळ्यात दांडगी बैलजोडी होती देल्फीनची. कोंबड्यासुद्धा हेच विचारत असतील, की ती जाते की नाही.

ती आली तेव्हा मी देल्फीनकडेच होतो, माते घेत. हात अजून गळ्यात बांधलेला. दारातच उभी राहिली.

"देल्फीन बार्रिया, मी मागणं घेऊन आले आहे. शनिवारी माझं घर हलवायचं आहे. तुमचे बैल हवेत आणि तुम्ही हवेत."

"तुम्ही?" देल्फीन उठला. "ताई, बस तरी."

"बसायला नाही आले मी. येणार की नाही?"

"येणार."

"झाडं तोडायची नाहीत. वळसा घालून जायचं. तुझ्या पोटावर पाय नाही द्यायचा मला." एवढं बोलून वळली, मग पाठमोरीच म्हणाली, "आणि दाढी कर. भिकाऱ्यासारखा दिसतोस."

ती गेल्यावर देल्फीन हमसून हमसून रडला. मी चहाटळ माणूस, पण त्या वेळी चुलीत लाकूड सारत बसलो.

शनिवारी घर हललं. खिडक्या-दारं काढलेली, कौलांसारख्या फळकुटांच्या छपराचा कडकडाट, बैलांच्या तोंडाला फेस. उतारावर घर कलंडायला लागलं तेव्हा मागच्या दोरावर देल्फीन स्वतः लटकला, त्या गुडघ्यांसकट. संध्याकाळी खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर शिजलेल्या तिसऱ्या आणि मिल्काओ, म्हणजे बटाट्याच्या जाड भाकऱ्या, खाताना ओतिलियाने पहिलं पान त्याच्यापुढे ठेवलं.

आता खरी गंमत पुढे. दरवर्षीची तपासणी करायला सेन्योरिता माइते आली, सोबत देल्फीन आणि मी. पाहते तर घर नाही, नुसते खुंट. नियमाप्रमाणे स्वयंपाकघराच्या जागी उभी राहिली आणि तिने फोटो काढला. "टॉवर अजिबात दिसत नाही. उत्तम पडदा आहे," असं म्हणता म्हणता तिने कॅमेरा खाली केला. "घर कुठे गेलं?"

देल्फीनने खाली बोट दाखवलं.

आम्ही तिघं उतरलो. नव्या जागेच्या खिडकीतून टॉवर दिसत होता, भर काचेत, पायापासून शेंड्यापर्यंत. सेन्योरिताने कॅमेरा काढला आणि तोच जुना प्रश्न विचारला. तिला विचारावंच लागतं. देल्फीन दाराशी फावडं धरून उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक. एक शब्द वाकडा गेला असता तर इथेही पडदा आला असता, आणि तो लावायला तोच.

ओतिलियाने टॉवरकडे बघितलं. खोटं बोलताना मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं.

"सुंदर आहे हो," ती म्हणाली. "मला फार आवडतो. रोज बघते."

सेन्योरिताने तिच्याकडे बघितलं, मग देल्फीनच्या गुडघ्यांकडे. लिहून घेतलं. माते संपवला, निरोप घेतला आणि गेली.

तेवढ्यात टोकापाशी होडी वळली. ओतिलियाने बटाटे पातेल्यात टाकले. देल्फीनने फावडं खांद्यावर घेतलं.

"निघालास कुठे?"

"वरचं तण काढायला. मेंढरांनी कुंपण पाडलंय. करार संपायचाय अजून."

"अरे, तिथे घर नाही, माणूस नाही. कुणापासून झाकतोस?"

"शिजले की हाक मार," एवढंच म्हणाला आणि गुडघे धरत चढ चढला.

बटाटे शिजल्यावर ओतिलियाने मागच्या दारातून हाक मारली. रांगेत कुठे फट नव्हती, त्यामुळे तो दिसेना. पलीकडून नुसता त्याचा खोकला ऐकू येत होता.