पांढऱ्या अस्वलासाठी बंदूक निवडायला स्कॉटलंडला

‘अस्वलांपासून संरक्षणासाठी कुठली बंदूक हवी, ते तुम्हीच ठरवून कळवा,’ असा डिपार्टमेंटचा मेल आला तेव्हा मी केंब्रिजच्या ऑफिसात डब्यातले पोहे खात होते. घास तोंडातच राहिला. मी बर्फावर संशोधन करते खरी, पण आजवर ते सगळं स्क्रीनवर. आता वसंतात स्वालबार्डला जायचं होतं. नॉर्वेच्याही उत्तरेला, जिथे गाव सोडून पुढे जायचं तर पांढऱ्या अस्वलांची तयारी ठेवूनच. आणि मी? मी नागपूरच्या जत्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुगासुद्धा फोडलेला नाही.

सोबत रोहन. आमच्याच लॅबमध्ये पीएचडी करतो, जन्म इथलाच, ईलिंगचा, मराठी बोलतो पण शब्दांचं लिंग स्वतःच्या मर्जीने लावतो. तिथे काम असं, की एकाने गुडघ्यावर बसून, मान खाली घालून बर्फात ड्रिल करायचं आणि दुसऱ्याने बंदूक घेऊन त्याच्यासाठी पहारा द्यायचा. मग अदलाबदल. म्हणजे त्याचा जीव माझ्या हातात.

म्हणून हायलँड्समधला वीकेंड कोर्स. केंब्रिजहून गाडीने पूर्ण दिवस जातो. एडिनबरापर्यंत रस्ता सरळ आहे, शेवटचा तुकडा मात्र सिंगल ट्रॅक, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. समोरून गाडी आली की पासिंग प्लेसमध्ये थांबायचं आणि हात दाखवायचा. शाकाहारी असाल तर डबा न्याच. आम्ही मेथीच्या पराठ्यांवर होतो. बाहेर इतका सुंदर डोंगर, आणि मी प्रत्येक खडकामागे काय असेल ते बघत होते. स्कॉटलंडमध्ये अस्वलं नाहीत हे मला माहीत होतं. उपयोग शून्य.

नेमबाजीच्या रेंजवर आमची प्रशिक्षक फियोना भेटली. तिने कित्येक हंगाम ध्रुवीय कॅम्पवर पहारा दिलाय. टेबलावर तिने तीन बंदुका मांडल्या: जवळच्या माऱ्याची शॉटगन, मधल्या ताकदीची रायफल आणि एक जाडजूड, सगळ्यात ताकदवान मॅग्नम रायफल. पिस्तुलाचा प्रश्नच नव्हता, इथे त्यावर बंदीच आहे. मी मॅग्नमवर बोट ठेवलं. जनावर सगळ्यात मोठं, तर बंदूकही सगळ्यात मोठी!

पहिल्याच गोळीला खांद्यात असा दणका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यानंतर चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले.

दुपारी खरी परीक्षा. रुळांवरून केबलने ओढलं जाणारं प्लायवूडचं अस्वल, सायकलपेक्षा कितीतरी जोरात अंगावर येणारं. मी उभी. माझ्या मागे रोहन गुडघ्यावर, मान खाली.

अस्वल निघालं. मी बंदूक उचलली. चाप ओढण्याआधी सेफ्टीचा खटका काढायचा असतो हेच आठवेना. बोटं जणू दुसऱ्या कुणाची होती. अस्वल मोठं मोठं होत माझ्या पायांशी येऊन खडखडत थांबलं.

मग मागून रोहनचा आवाज आला, “ताई, मी मेली का?”

तो काय म्हणाला, असं फियोनाने विचारलं. मी बंदूक टेबलावर ठेवून दिली.

मुक्कामाच्या बी अँड बीमध्ये बटाट्याचं गरम सूप होतं. मी वाटी बाजूला सरकवली. “मी मोहिमेतून नाव काढून घेते,” मी म्हणाले. “तू दुसरं कुणीतरी बघ.”

“ओके, तू नाही म्हटली तर मी समजणार,” रोहन म्हणाला. चमचा फिरवत राहिला. “पण ताई, माझा भीती तुझ्यापेक्षा मोठा आहे. तुला अस्वल दिसणार तरी. मी तर खाली बघत असणार.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

सकाळी धुकं होतं. फियोना म्हणाली, “तू काल अस्वलाला आणि बंदुकीला, दोघांनाही घाबरत होतीस. त्यातली बंदूक तरी बदल.” मी मधली रायफल घेतली. धक्का बसला, पण डोळे उघडे राहिले. म्हणून सांगते, कधी अशी निवड करायची वेळ आली तर ताकदीच्या आकड्यांवर जाऊ नका. पहिल्या गोळीनंतर दुसरी नेम धरून मारता येते का, तेवढं बघा.

पुन्हा रोहन मागे बसला. धुक्यातून अस्वल आलं. पहिली गोळी मातीत. पुढची गोळी भरायला बोल्ट मागे, पुढे. दुसरी अस्वलाच्या खांद्यात लागली, तिसरी छातीत.

मला वाटलं होतं आनंद होईल. पण मी बोल्ट ओढतच राहिले, शेवटी रायफल फियोनानेच काढून घेतली. “आधी लांब राहायचं, मग फ्लेअर, म्हणजे आवाज-उजेडाचा बार, उडवून पळवायचं,” ती म्हणाली. “ही सगळ्यात शेवटी. खरं अस्वल मरतं.” मी जाऊन त्या लाकडी छातीतल्या भोकात बोट घालून पाहिलं.

केंब्रिजला परत येऊन मी मेलला उत्तर दिलं: मधली रायफल, आणि दोघांकडे फ्लेअर. खांदा हिरवानिळा झाला होता. भीती मात्र जशीच्या तशी आहे, फक्त आता तिच्यासकट उभं राहता येतं, असं वाटतं. वाटतं एवढंच.

रविवारी ईलिंगहून रोहनच्या आईचा फोन आला. कोर्स मजेत झाला, एवढंच त्याने घरी सांगितलं होतं.

“तुझ्या भरवशावर पाठवतेय हं त्याला,” त्या म्हणाल्या. “आहेस ना तू?”

“हो काकू,” मी म्हणाले. “तुम्ही काळजी करू नका.”

त्यांनी फोन ठेवला. मी कितीतरी वेळ तो कानालाच धरून उभी होते.