पलीकडची झोप

आमच्या साइटवर सगळे तिला धूळमावशी म्हणायचे. मीही म्हणायचो, पण तोंडावर नाही. मी तिथला इंजिनिअर, आणि खरं सांगायचं तर ती मला डोळ्यांसमोर नको असायची. रुग्णालयाचा चौथा मजला आम्ही नव्याने करत होतो. वर-खाली रुग्ण भरलेले आणि मध्ये आम्ही हातोडे घेऊन उभे. भिंतीपलीकडे रक्ताच्या आजाराचा वॉर्ड होता. जुन्या भिंतींच्या धुळीत बुरशीचे कण असतात; तुम्हाआम्हाला त्याने फार तर शिंक येईल, पण त्या वॉर्डातल्या माणसांच्या छातीत ते ठाण मांडून बसतात. धूळ आमच्याच बाजूला राहावी म्हणून मावशीची नेमणूक होती.

तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. दारातून येणाऱ्या उन्हात पीठ कुठल्या बाजूला वाहतं ते बघत बसायचं, हा तिचा लहानपणचा खेळ. पुढे लग्न झालं, दोन मुली झाल्या, नवरा गेला, मुली आपापल्या घरी गेल्या. पन्नाशी ओलांडल्यावर ती रुग्णालयात सफाईला लागली. तिला हवा दिसते, असं तिथे सगळे म्हणत. मला ते थोतांड वाटायचं.

तिने जमिनीपासून छतापर्यंत प्लास्टिकचे दोन पडदे ताणले होते, मध्ये चेनचं दार, खाली ओली चटई. आमच्या खिडकीत एक मोठं यंत्र होतं. ते आमच्याकडची हवा ओढायचं, गाळायचं आणि बाहेर टाकायचं. त्यामुळे वॉर्डाकडची हवा आमच्याकडे यायची, आमची तिकडे जायची नाही. दाराच्या फटीवर मावशीने पातळ कागदाची पट्टी चिकटवली होती. पट्टी आमच्याकडे झुकलेली असली की सगळं ठीक. मलबा ती पाणी मारून, झाकूनच न्यायला लावायची. एकदा मी घाईघाईत आत शिरत होतो, तर मला भर मजुरांसमोर म्हणाली, "बूट पुसा, साहेब. तुम्ही मोठे आहात, तुमचे बूट नाहीत." मजूर गालातल्या गालात हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तरी दुपारी ऊन आलं की तो पडदा उजळून निघायचा. पलीकडे नर्सेसच्या फिकट सावल्या तरंगत जायच्या, आवाज न करता. प्लास्टिक आत ओढलं जायचं, सैल व्हायचं, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं. सगळी इमारतच कुठल्यातरी लांबलचक स्वप्नात आहे असं वाटायचं. मी हातातला नकाशा विसरून तिथे उभा राहायचो आणि मग स्वतःवरच चिडायचो.

पडद्याला लागून असलेल्या खोलीत एका बसड्रायव्हरची बायको होती. ड्रायव्हर दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून असायचा. एके दिवशी आमची जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा तो मावशीला म्हणाला, "मावशी, त्या यंत्राच्या घरघरीने आठ दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. थोडा वेळ बंद करा ना. पाया पडतो तुमच्या."

मावशीने विचार केला, हातोडे थांबलेत, धूळ उडणार कुठून? तिने बटण बंद केलं.

काय शांतता पसरली म्हणून सांगू! पहिल्यांदाच नळाचं थेंब-थेंब ऐकू आलं. वॉर्डातला खोकला थांबला. ड्रायव्हर बाकावरच पेंगला. मजूर वाळूच्या पोत्यांना टेकून आडवे झाले. स्टुलावर बसल्या बसल्या माझाही डोळा लागला. ऊन हळूहळू पडद्यावरून सरकत राहिलं. मावशी पुढे सांगायची, तिलाही झापड आली होती, आणि त्या झापडेत तिला वडिलांच्या गिरणीतलं ऊन दिसत होतं. पीठ तरंगत तरंगत घरात चाललं होतं.

तिने डोळे उघडले. कागदाची पट्टी वॉर्डाकडे झुकली होती.

सकाळी आम्ही जुनं छत उघडलं होतं. वारा खिडकीतून शिरत होता, आणि चाळीस वर्षांची धूळ उन्हात तरंगत फटीकडे चालली होती. मावशीने धावत जाऊन यंत्र सुरू केलं, फट चिकटपट्टीने बंद केली आणि मला हलवून उठवलं. "साहेब, काम थांबवा. माझ्याकडून चूक झाली."

मी सगळं ऐकलं आणि तिच्यावर ओरडलो. मग आवाज खाली आणून म्हणालो, "कुणी पाहिलंय का? नाही ना? मग गप्प बसा." हे लिहितानाही मला लाज वाटते.

तिने चेन उघडली आणि ती थेट मोठ्या सिस्टरकडे गेली.

पुढचा तासभर धावपळ झाली. वॉर्डातले सगळे रुग्ण हलवले, ड्रायव्हरच्या बायकोला सगळ्यात आधी. हवेचे नमुने घेतले. काम बंद. ड्रायव्हर भिंतीला डोकं लावून म्हणाला, "मीच सांगितलं. मीच मारलं तिला."

"तुम्ही मागितलंत, दादा," मावशी म्हणाली. "बटण माझ्या हातात होतं."

डॉक्टर म्हणाले, ताप येतो का बघायचं, दोन आठवडे. मावशी रोज सकाळी येऊन ड्रायव्हरच्या बायकोच्या नव्या खोलीबाहेर उभी राहायची आणि सिस्टरला एवढंच विचारायची, "ताप?" सिस्टर नकारार्थी मान हलवायच्या. नवव्या दिवशी तिचं अंग कोमट लागलं. त्या दिवशी मावशी पाण्याचा घोटही न घेता उभी होती, आणि मीही घरी गेलो नाही. संध्याकाळी अंग निवलं. दोन आठवडे सरले, छातीचा फोटो स्वच्छ आला. ड्रायव्हरची बायको मावशीला म्हणाली, "त्या दुपारी किती दिवसांनी झोपले हो मी!" मावशी तोंडावर पदर धरून हमसून हमसून रडली.

मग चौकशी बसली. मावशी उभी राहून म्हणाली, "चूक माझी. मला काढून टाका." सिस्टरने तिची रोजची नोंदवही मागितली. ती साइट ऑफिसात माझ्याच टेबलावर असायची. मी आणायला गेलो आणि पहिल्यांदाच वाचली.

त्या आठ दिवसांची आठ पानं. प्रत्येक पानाखाली तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात एकच ओळ, 'यंत्र फार वाजतं, पलीकडे झोप येत नाही, साहेबांनी बघावं.' आणि प्रत्येक ओळीखाली माझी झोकदार सही.

यंत्राच्या पायाखाली रबराचे चार तुकडे ठेवले की घरघर निम्म्याने कमी होते. वीस मिनिटांचं काम.

मी वही आणून सिस्टरसमोर ठेवली, उघडी. म्हणालो, "त्यांना बसू द्या. उभं मी राहायला हवं."