भोक पडलेलं बेलाचं पान

गेल्या रविवारी बेल तोडायला गच्चीवर गेले आणि रिकामी परडी घेऊन खाली आले. सोमवारी बेल तोडत नाहीत, म्हणून मी आदल्या दिवशीच तोडून ठेवते... पण देवाला वाहण्यासारखं अखंड पान एकही नव्हतं.

चिक्कडपल्लीच्या आमच्या गच्चीवर पिंपात हा बेल आहे. यांनी व्हीआरएस घेतली त्या वर्षी लावलेला. फॅक्टरी सुटली तरी हे सकाळी आठला तयार होऊन त्याला पाणी घालायला वर जायचे. आता हेही नाहीत... दिवसभरात माझं बोलणं काय ते या झाडाशीच.

पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके आले, मग ठिपक्यांची भोकं झाली. झाड पार विरळ झालं. शेजारच्या लक्ष्मम्मा त्यांच्या दखनी हिंदीत म्हणाल्या, "काट के फेंक दो अक्का, बाकी झाडां कू बी लगता." त्या रविवारी मन घट्ट केलं आणि माळ्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

संध्याकाळी लेकीचा नेहमीचा रविवारचा फोन आला. ती परदेशात झाडांच्या रोगांवर संशोधन करते. मी मॅट्रिक, तिचं काम मला कळत नाही... जेवलीस का, थंडी आहे का, एवढं झालं की पाच मिनिटांत दोघी गप्प.

त्या दिवशी मी म्हटलं, "बाबांचा बेल उद्या काढतेय गं." ती म्हणाली, "व्हिडिओ लाव. पान उजेडासमोर धर."

बराच वेळ पाहून म्हणाली, "आई, हे भोक झाडानेच पाडलंय."

मग तिने मला समजेल असं सांगितलं. जंतू शिरला की झाड त्या जागी पॉलिअमाइन नावाची द्रव्यं जमवतं. ती मोडून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं... जखमेवर लावल्यावर फेस येतो ना, तेच औषध. त्याने जंतू मरतो, भोवतालचा पानाचा भागही मरतो, वाळून गळतो, आणि रोग तिथेच अडतो.

"मी हे तंबाखूच्या रोपात पाहिलंय, बेलाचा आपला अंदाज," ती म्हणाली. "पण ठिपके पुढे पसरलेले नाहीत, बघ."

"मग झाड विरळ का झालं?"

"चांगली पानं कोण तोडतं, आई?"

दर आठवड्याला अकरा, श्रावणात तर एकशे आठ... एकूण एक धडधाकट पान मीच खुडत होते. लढून थकलेली तेवढी झाडावर ठेवत होते, आणि दोष रोगाला देत होते.

माळ्याला नको म्हणून कळवलं. सोमवारी मागच्या आठवड्याचाच बेल धुऊन वाहिला. बेल शिळा होत नाही, असं सासूबाई सांगायच्या.

त्या रविवारी आम्ही पाऊण तास बोललो. फोन ठेवल्यावर घर पुन्हा तितकंच शांत झालं, ते काही बदलत नाही...

आज बुधवार. मघाशी तिचा मेसेज आला, "पालवी फुटली का? फोटो पाठव." रविवार सोडून तिने आपणहून कधी विचारलं, ते मला आठवत नाही. पालवी अजून नाही. तरी भोक पडलेल्या पानाचाच फोटो काढून पाठवला... आणि महादेवाला हात जोडले.