धड पायातला बूट

काल सुनेनं माझ्या डाव्या गुडघ्यावर आंबेहळदीचा गरम लेप लावला आणि त्या वासासरशी मला भिंगारची खोली आठवली.

आमचं लग्न झालं तेव्हा मालक मुंबईच्या एका क्लबात पगारावर फुटबॉल खेळायचे. गुडघा निखळला, तो बरा करून ते परत खेळायला गेले. दुसऱ्यांदा निखळला तेव्हा घरी आले ते खाटेवरच पडले. गुडघ्याला हाच लेप, वरून हाडवैद्यानं बांधलेल्या बांबूच्या कामट्या. उन्हाळ्यातली संध्याकाळ, पत्र्याची खोली आणि भिंतीपलीकडं पलटणीचं मैदान. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज थेट खाटेपर्यंत यायचा.

"खिडकी लाव," ते म्हणाले.

"उकडून मरू व्हय?"

"मग माझा बूट दे. उजवा."

दिला. पडल्या पडल्या त्यांनी तो धड पायात घातला आणि नाडी आवळून बांधली.

"एका पायानं खेळनार व्हय तुमी?" मी हसले.

"ह्यो तरी धड हाय ना."

मग पत्र्याकडं बघत पडून राहिले. मैदानात शिट्टी वाजली की बूट हलायचा. पुढं ते कधीच खेळले नाहीत.

मला तेव्हा ते सोंग वाटलं. आता महिनाभर मीच खाटेवर आहे. दुखरा पाय गप पडून असतो, धड पायच दाराकडं ओढ घेतो.

लेप लावून झाल्यावर सुनेला म्हटलं, "माझ्या उजव्या पायात चप्पल घाल."

"आत्याबाई, कुठं निगालात?"

"कुठं न्हाई. घाल तू."